एम-एमएलव्ही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज: रोजच्या कामाला चोख, एका कामाला जपून

आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनए प्रत, करायला मिळणाऱ्या एन्झाइमांत हे साधं आणि भरवशाचं. 200 युनिट प्रति मायक्रोलिटरची छोटी ट्यूब, सोबत पाचपट तीव्र बफर आणि 0.1 मोलर डीटीटी (एन्झाइमला कार्यक्षम ठेवणारं रसायन).

नावातला ‘एमएलव्ही’ म्हणजे उंदरांना ल्युकेमिया करणारा विषाणू. 1951 साली लुडविक ग्रॉस यांनी एकेआर जातीच्या उंदरांच्या ल्युकेमियाचा पेशीविरहित अर्क सी3एच जातीच्या नवजात पिल्लांना टोचला आणि त्यांना ल्युकेमिया झाला. पिल्लं नवजातच हवीत, कारण तेव्हा प्रतिकारशक्ती कच्ची असते. पुढे 1960 मध्ये जॉन मोलोनी यांनी सार्कोमा-37 या गाठीतून वेगळा केलेला विषाणू म्हणजे आपल्या ट्यूबवरचा पहिला ‘एम’. या विषाणूकडे स्वतःचं कर्करोगाचं जनुक नाही. त्याची डीएनए प्रत उंदराच्या गुणसूत्रात घुसते; ती मिक किंवा पिम-1 जनुकाशेजारी बसली, तर ते जनुक अवाजवी चालू होतं. म्हणूनच रोग दिसायला महिने लागतात. ती प्रत बनवणारं एन्झाइम ते हेच. ट्यूबमधलं मात्र ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं असतं, त्यात विषाणू नसतो. विद्यार्थ्यांनी घाबरू नये.

कृती सोपी आहे. 1 मायक्रोग्रॅम आरएनए, ऑलिगो-डीटी (प्रत जिथून सुरू होते तो छोटा डीएनए तुकडा, म्हणजे प्रायमर), डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) आणि पाणी मिळून 12 मायक्रोलिटर; 65 अंशांवर 5 मिनिटं, लगेच बर्फात. मग बफर 4, डीटीटी 2, आरएनेज इनहिबिटर (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारा) 1 आणि शेवटी एन्झाइम 1 मायक्रोलिटर. 37 अंशांवर 50 मिनिटं, 70 अंशांवर 15 मिनिटं. ऑलिगो-डीटीऐवजी रँडम प्रायमर वापरलात तर 37 अंशांपूर्वी 25 अंशांवर 10 मिनिटं द्या. घड्या पडलेला, जीसी जास्त असलेला आरएनए मात्र 37 अंशांवर नीट उलगडत नाही. त्यासाठी आरएनेज एच (एन्झाइमचा आरएनए तोडणारा गुण) काढून टाकलेली, जास्त तापमान सोसणारी आवृत्तीच घ्यावी.

उत्पादन कमी आलं की दोष एन्झाइमला दिला जातो. बहुतेकदा बिघडलेलं असतं डीटीटी, वारंवार गोठवून-वितळवून. पहिल्याच दिवशी त्याचे छोटे भाग करून ठेवा. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असल्याने उणे 20 अंशांवरही गोठत नाही, पण आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ते ठेवू नका. मागवताना पार्सल सोमवारी निघेल असं पुरवठादाराला सांगा, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. आणि पावसाळ्याचा साठा जूनआधीच भरा: 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि ड्राय आइस काही वाट बघत नाही.

आता ते एक काम: उंदराचा ल्युकेमिया विषाणू शोधणं. उंदराच्या जीनोममध्येच या विषाणूंच्या जुन्या प्रती बसलेल्या असतात, त्यामुळे डीएनएचा अंश राहिला तरी निकाल पॉझिटिव्ह येतो. आरएनए डीएनेजने (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) साफ करा आणि एन्झाइम न घातलेला कंट्रोल प्रत्येक नमुन्याला लावा. एक्सएमआरव्ही या उंदराच्या ल्युकेमिया विषाणूच्या जवळच्या विषाणूच्या प्रकरणात नमुन्यांतली भेसळ महागात पडली. थकव्याच्या आजाराशी त्याचा संबंध सांगणारा 2009 चा शोधनिबंध 2011 मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच काळात एका तयार आरटी-पीसीआर किटमध्येच उंदराचा डीएनए सापडला होता. त्यामुळे नुसत्या पाण्याचा कंट्रोल लावाच, आणि नवीन लॉट आला की आयएपी पीसीआरने (उंदराच्या डीएनएचा अंश ओळखणाऱ्या चाचणीने) तो आधी तपासून घ्या.