मिस मार्पल की रामोत्स्वे?

खानापूरहून रोज बसने बेळगावला नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीने विचारले, "ताई, बाई गुप्तहेर असलेली एकच मालिका घ्यायची, तर कोणती?" तिच्यासमोर अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल आणि अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची बोट्स्वानातील रामोत्स्वे असे दोन पर्याय होते.

खर्चाचा प्रश्न लवकर सुटतो, कारण मार्पलच्या कादंबऱ्या 12 आहेत, तर 1998 साली सुरू झालेल्या रामोत्स्वेच्या 20 हून अधिक. शिवाय मार्पल कोठूनही उघडता येते. रामोत्स्वे मात्र क्रमानेच वाचावी. सेक्रेटरी कॉलेजात 97 टक्के मिळवल्याचे वारंवार ऐकवणारी तिची मदतनीस मकुत्सी पुस्तकागणिक बदलत जाते, आणि खरी गंमत त्यातच आहे.

कोड्याच्या बाबतीत मार्पल निर्विवाद सरस. विणकाम करत बसलेली ही म्हातारी संशयिताची तुलना आपल्या खेड्यातल्या कोणाशी तरी करते, तेव्हा मला आमच्या गल्लीत कट्ट्यावर शेंगा निवडता निवडता कोण किती वाजता घरी आले हे अचूक सांगणाऱ्या आजीच आठवतात. परंतु तिथे एक संवाद निसटला तरी शेवट पोकळ वाटतो, आणि बसमध्ये तिकिटाला हात पुढे करताना नेमका तोच निसटतो. रामोत्स्वेकडे खून क्वचितच होतो. वडिलांची गुरे विकून उभारलेल्या कचेरीत ती चहा पीत लोकांची गाऱ्हाणी ऐकते.

तेव्हा बसप्रवासासाठी रामोत्स्वे घ्यावी. रविवारची निवांत दुपार आणि खुनी स्वतः ओळखण्याची खुमखुमी असेल, तर मार्पल.