कोल्ड ब्रू झक्कास, झोप गायब

भाच्यानं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या नव्या कॅफेत नेलं. संध्याकाळी साडेसहाला मोठा ग्लास कोल्ड ब्रू (गार पाण्यात तासन्तास भिजवून केलेली कॉफी), वर एक एस्प्रेसो (छोट्या कपातली कडक कॉफी). चव एक नंबर! कडवटपणा कमी, वास काकवीसारखा. पण रात्री दोनला मी टक्क जागा, छातीत धडधड.

एस्प्रेसोच्या शॉटमध्ये साधारण ६०-६५ मिलिग्रॅम कॅफिन. कोल्ड ब्रूचा मोठा ग्लास दीडशेच्या पुढं सहज जातो. निरोगी माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणे, पण प्यायलेल्यातलं निम्मं कॅफिन अंगातनं उतरायलाच पाचेक तास लागतात.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, बिया कुठल्या जातीच्या, रोबस्टा की अरेबिका? ‘स्ट्राँग हाय काका,’ एवढंच. अरे, रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतंय, पाटीवर लिहा की! पुढच्या खेपेला चिकोरीवाली फिल्टर कॉफी, तीही दुपारीच.