चार लिप्यांची फाइल आणि ऑब्सिडियनमधला एआय

बेळगावात वाटणीचा दावा चालवायचा म्हणजे एकाच फाइलीत चार लिप्या. तळाला मोडीतली खतं. त्यावर मुंबई राज्याच्या काळातले बाळबोधीतले उतारे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि पुढचे महसुली कागद कन्नडात येऊ लागले. वरच्या कोर्टाचे निकाल इंग्रजीत. पक्षकार मराठीत बोलणार आणि दावा कन्नडात नाहीतर इंग्रजीत चालणार. अशा फाइलींवर एआय मदतनीस किती उपयोगी पडतो, एवढ्यापुरतंच हे लिहिते आहे. कविता करून देतो का, ते मी विचारलेलं नाही.

माझ्या नोंदी ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये आहेत. प्रत्येक नोंद म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरची साधी मजकुराची फाइल, आणि त्या सगळ्यांचा फोल्डर म्हणजे ‘व्हॉल्ट’. नेट नसलं तरी सगळं उघडतं, आणि उद्या ॲप बंद पडलं तरी फाइली नोटपॅडमध्ये वाचता येतील. वकिलाला हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण आमचे दावे ॲपपेक्षा जास्त जगतात. ॲप फुकट आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून धंद्याच्या कामासाठीही परवाना घेण्याची सक्ती राहिलेली नाही. एआय मात्र त्यात नसतो. तो इतरांनी केलेल्या प्लगइनमधून, म्हणजे ॲपला लावायच्या जोडणीतून, घ्यायचा आणि कुठल्यातरी एआय कंपनीच्या मॉडेलची चावी, म्हणजे तिच्या खात्याचा सांकेतिक क्रमांक, त्यात भरायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, मी ती बदलत असते.

आमची पद्धत अशी. एक कागद, एक नोंद. वर गाव, सर्व्हे नंबर, साल, कागदाचा प्रकार. खाली मूळ मजकुरातला कामाचा भाग जसाच्या तसा आणि दोन ओळी मराठीत. सोबत स्कॅन. हे टंकायचं काम ज्युनिअरचं, आणि त्याबद्दल ती माझ्यावर नाराज असते.

आता गुण सांगते. बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका घरचा दावा आहे. बहिणींचं म्हणणं, वडिलांमागे वारसा डायरी (वारसांच्या फेरफाराची महसुली नोंद) झाली तेव्हा आमची नावं घातलीच नाहीत. भाऊ म्हणतात, यांचा संबंधच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलाच्या बरोबरीचा, पण त्यासाठी आधी त्या त्या घरच्या मुली आहेत हे कागदावर दिसायला हवं. वडिलांचं नाव मारुती. मी मराठीत विचारलं, ‘मारुतीच्या मुलींची नावं कुठल्या कागदात येतात?’ साध्या शोधात ‘मारुती’ घातलं तर फक्त देवनागरीतल्या नोंदी मिळतात. आणि हाच माणूस कन्नड उताऱ्यावर मारुतेप्पा आहे. मदतनीसानं दोन्हीकडच्या नोंदी काढल्या. शिवाय आमच्या डोक्यातही नसलेली तिसरी काढली, भू-न्यायमंडळापुढचा जबाब. जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी फॉर्म नंबर सात भरून हक्क मागितले होते, त्यातलं ते प्रकरण. जमीन कोण कसतो हे सांगताना मारुतीनं बायको, दोन मुलगे आणि तिन्ही मुली, सगळ्यांची नावं सांगून टाकली होती. भांगलणीला मुलीही असतात, म्हणून. हा जबाब टंकून ठेवलेला होता, पण वारसाचा पुरावा म्हणून तो उघडायचं कुणाला सुचलं नसतं. उत्तराखाली नोंदीचा दुवा होता. दाबला, स्कॅन उघडला, अंगठ्याच्या वरची ओळ डोळ्यांनी वाचली. एवढ्या एका उत्तरानं वर्षाचा खर्च वसूल झाला असं मी धरते.

मात्र ‘एआयनं सगळी फाइल वाचली’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. प्लगइन आधी सगळ्या नोंदींचे लहान तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याच्या अर्थाची आकड्यांमध्ये नोंद ठेवतं, यालाच इंडेक्स करणं म्हणतात. आपण प्रश्न विचारला की त्याच्याशी जवळचे वाटणारे थोडेच तुकडे मॉडेलकडे जातात आणि उत्तर तेवढ्यावरच येतं. म्हणून ‘कुठे आहे’ या प्रश्नाला तो पक्का आणि ‘किती आहेत’ या प्रश्नाला कच्चा. या सर्व्हे नंबरवर किती डायऱ्या झाल्या असं विचारलं तर हाताशी आलेल्या तुकड्यांतल्या मोजून आकडा सांगतो, आणि सांगतो अगदी ठासून. उरलेल्या डायऱ्या त्याच्यापुढे आलेल्याच नसतात. मोजणीसाठी ऑब्सिडियनमध्येच २०२५ साली आलेलं ‘बेसेस’ वापरा. नोंदीच्या वरच्या माहितीवरून ते सरळ तक्ता करून देतं, त्यात एआय लागत नाही.

क्षेत्राचा हिशेब तर त्याच्याकडे देऊच नका. आमच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं येतं, मध्ये टिंब देऊन. १.२५ आणि २.३० ची बेरीज मदतनीसानं ३.५५ केली. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे पंचावन्न गुंठ्यांचा एक एकर पंधरा गुंठे, एकूण चार एकर पंधरा गुंठे. हे आमच्या झेरॉक्सवाल्याचा पोरगा तोंडी सांगेल. मदतनीसाला द्यायच्या कायमच्या सूचनेत ‘४० गुंठे = १ एकर, १६ आणे = १ गुंठा’ असं लिहून ठेवलं की बरंचसं सुधारतं, पण वाटणीच्या तक्त्यात तो आकडा मी तसाच घालणार नाही.

मोडीचा स्कॅन नुसता दिला तर पूर्ण निराशा. एका गहाणखताचा फोटो देऊन विचारलं, तर लग्नाची याद असावी असं सुबक मराठीत लिहून दिलं, वर पाहुण्यांची नावंही. मोडीसाठी वाचणारा माणूसच गाठावा लागतो आणि त्याचं लिप्यंतर टंकावं लागतं. ते एकदा नोंदीत आलं की मग मदतनीस त्यातही छान शोधतो. कन्नड छापील उतारा बरा वाचतो. तलाठ्याच्या हातचं कन्नड असेल तर नावं बिघडतात.

मोठा प्रश्न वेगळाच आहे. हलग्याकडचे एक आजोबा कागद देताना म्हणाले, ‘वकीलबाई, आमचं कागद त्या मशिनीत घातलासा, बाहेर कुठं जायाचं न्हाई न्हवं?’ त्यांची शंका रास्त आहे. व्हॉल्ट आपल्या टेबलावर असला तरी प्रश्नाबरोबर ते तुकडे कंपनीच्या सर्व्हरवर जातात. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवणं हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नं आमच्यावर बांधलेलं आहे, आणि ‘प्लगइननं पाठवलं’ हा त्यावरचा बचाव नव्हे. म्हणून मी पक्षकाराशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि तो फोल्डर प्लगइनच्या सेटिंगमध्ये वगळते. ही सोय नसलेलं प्लगइन घेऊच नका. उतारे, डायऱ्या, न्यायमंडळाचे आदेश हे नाहीतरी कचेरीतून नक्कल काढून मिळणारे कागद, तेवढेच पुढे जातात, आणि तेही पक्षकाराला विचारून.

ओलामा नावाचं सॉफ्टवेअर घालून आपल्याच मशीनवर छोटं मॉडेल चालवता येतं, म्हणजे काहीच बाहेर जात नाही. माझ्या लॅपटॉपवर ते चालवून बघितलं. मराठी चालवून घेण्यासारखी, कन्नड वाईट, आणि उत्तर येईपर्यंत खालच्या टपरीवर चहा पिऊन होतो. चांगलं मशीन असेल तर मात्र हाच मार्ग धरा.

खर्चाचं एक लक्षात ठेवा. चावी वापराप्रमाणे पैसे कापते, आणि कन्नड-देवनागरी मजकूर त्यांच्या मोजणीत इंग्रजीपेक्षा जास्त भरतो. सगळा व्हॉल्ट पहिल्यांदा इंडेक्स करताना एकदम फटका बसतो, नंतर रोजचं फार नाही. कार्ड परदेशी व्यवहाराला चालू असावं लागतं.

पाच-सहा कागदांची फाइल असेल तर या भानगडीत पडू नका, दोरी सोडून वाचून काढा. ज्यांच्याकडे एकेका घराचे तीन पिढ्यांचे कागद आहेत आणि टंकायला माणूस आहे, त्यांनी जरूर घ्यावं. सुरुवात नुसत्या ऑब्सिडियननं करा, नोंदी नीट लावा, प्लगइन नंतर. मीही मधे एक प्लगइन टाकून दुसरं घेतलं. नोंदींना धक्का लागला नाही, इंडेक्स तेवढा पुन्हा करावा लागला.