पीएचपी : गुळाच्या अडत दुकानाचं वेब ॲप केल्यावर दिलेले चार स्टार

पीएचपीला, म्हंजे वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेला, पाचपैकी चार देतोय, एक का कापला ते खाली सांगतो. काम काय होतं ते आधी. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाला सौद्यानंतरची पट्टी ऑनलाइन पाहिजे होती, म्हंजे शेतकऱ्याचे रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती, आणि हे गावाकडं बसून मोबाईलवर दिसलं पाहिजे. बास एवढंच. दुकानातली दोन-चार माणसं एंट्री मारणार, बाकीचे नुसतं बघणार.

आता पोरांना विचारलं की सगळी नोड नोड करत्यात. नोड, म्हंजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय, वाईट नाही राव, 2009 पासनं आहे, ब्राउझरात आणि सर्व्हरवर दोन्हीकडं एकच जावास्क्रिप्ट, आणि सौद्याची बोली लाइव्ह दाखवायची असती, शेकडो कनेक्शन उघडी ठेवून बसायचं असतं तर मी तेच घेतलं असतं. पण ती प्रोसेस सतत जिवंत ठेवायची, न पकडलेली एक एरर आली की अख्खी खाली बसते, मग तिला उठवायची सोय करा, सर्व्हर सांभाळा, आणि मालक विचारणार महिन्याला किती? पीएचपीचं तसं नाही, रिक्वेस्ट आली की स्क्रिप्ट चालू, उत्तर दिलं की सगळं पुसून मोकळी, एक पान गंडलं तर तेवढंच गंडतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) सीपॅनेलमध्ये, म्हंजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये, चालतंय, आणि मालकांचं तसलं होस्टिंग जुन्या वेबसाइटसाठी आधीच घेतलेलं होतं. मालक म्हणाले, "कशात केलंय ते तुझं तू बघ, पट्टी उघडती का सांग." विषय संपला.

पीएचपी 5 च्या काळात जे वैतागून गेले त्यांनी परत एकदा बघा. 2015 च्या 7 व्हर्जननं स्पीड लई वाढला. पूर्वी शून्य आणि 'गूळ' हा शब्द सारखेच का विचारलं तर चक्क हो म्हणायची, 2020 च्या 8 पासनं नाही म्हणते. वर लॅराव्हेल, म्हंजे पीएचपीचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क), घेतलं की लॉगिन, फॉर्म तपासणी, डेटाबेस मायग्रेशन (टेबलांची रचना कोडमधनं बदलणं) सगळं हाताशी.

कापलेला स्टार मराठीपायी. स्ट्रलेनला, म्हंजे शब्दाची लांबी सांगणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनला, 'गूळ' दिला की 9 सांगते, कारण ती बाइट मोजते आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. चिन्हं मोजणारी एमबी स्ट्रलेन 3 सांगते, डोळ्याला तर अक्षरं दोनच दिसतात, कारण उकार वेगळा मोजला जातो. आता पट्टीवर नाव 30 वर कापायला साधं सबस्ट्र (मजकूर कापायचं फंक्शन, हेही बाइटच मोजतं) लावा, दहा-अकरा चिन्हांतच नाव संपतं आणि कात्री मधल्या बाइटवर लागली की शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन. शेतकरी विचारणारच, हे माझं नाव हाय का? पीडीएफचंही तेच, पीडीएफ बनवायच्या लायब्ररींपैकी डॉमपीडीएफमध्ये जोडाक्षरं मोडतात, एमपीडीएफमध्ये नीट येतात. पैशाचं अजून एक, डेटाबेसात कॉलम डेसिमल (नेमका दशांश) ठेवला तरी पीएचपीच्या हातात रक्कम स्ट्रिंग, म्हंजे मजकूर म्हणून येते आणि अधिक चिन्ह लावलं की फ्लोट, म्हंजे अंदाजे साठवलेला दशांश होते, म्हणून मी सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवलं.

इथं जँगो, म्हंजे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क, सरस, खोटं कशाला बोला. डेसिमल तसाच हातात देतो, ॲडमिन पॅनेल आयतं मिळतं, एंट्रीचे निम्मे फॉर्म लिहावेच लागले नसते. तरी घेतलं नाही, कारण उद्या मी नसलो तर कोण बघणार? वर्डप्रेसची कामं करणारी, म्हंजे पीएचपीला हात लावू शकणारी पोरं राजारामपुरीत शोधली तरी मिळतील, जँगोवाला मिळाला तर तो आधीच पुण्याला निघालेला असतोय.

होस्टिंग घेताना सीपॅनेलमध्ये पीएचपीचं व्हर्जन बदलता येतं का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, काहीजण अजून 7.4 च चिकटवतात आणि त्याचा सपोर्ट नोव्हेंबर 2022 लाच बंद झालाय.