फ्लोरिडाचा वार्षिक पास आणि बहामाचे जहाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्लोरिडातल्या टँपाहून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे मनोरंजन पार्क गाडीने साधारण सव्वा तासावर आहे, अर्थात आय-४ महामार्गाची मर्जी असेल तर. थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली, धाकटा अजून तीन वर्षांचा व्हायचा होता आणि सासू-सासरे तासगावहून काही महिन्यांसाठी येणार होते, त्या सुमारास आम्ही तिथला वार्षिक पास घेतला. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटी पोर्ट कॅनव्हेरलहून बहामाची छोटी क्रूझही झाली. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना एकाच वेळी घेऊन जाणाऱ्या घरांना उपयोग व्हावा, म्हणून दोन्हींचा अनुभव लिहीत आहे.

पासाचे मोल किती राइड झाल्या यावर ठरवू नये, असे आमचे मत झाले आहे. ज्याने दिवसाचे तिकीट काढले आहे, त्याला रडणाऱ्या मुलाला आणि दमलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन रात्रीपर्यंत पैसे वसूल करत फिरावे लागते. पास असणारा माणूस तीन तासांत दोन राइड करून, एक आइस्क्रीम खाऊन मुकाट्याने घरी जाऊ शकतो. आम्ही पासाचा सगळ्यात जास्त उपयोग निघून येण्यासाठीच केला.

पास घेण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. चार प्रकारच्या पासांपैकी ‘इन्क्रेडी-पास’ कोणालाही मिळतो आणि त्याला बंदीचे (म्हणजे पास न चालणारे) दिवस नाहीत. ‘पिक्सी डस्ट’ आणि ‘पायरेट’ हे स्वस्त पास केवळ फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी आहेत. ‘पिक्सी डस्ट’ मुख्यतः सोमवार ते शुक्रवार चालतो, त्यामुळे शाळेत जाणारे मूल असेल तर त्याचा फारसा फायदा नाही. आम्ही ‘पायरेट’ घेतला. थँक्सगिव्हिंग, नाताळचा आठवडा आणि वसंतातल्या सुट्टीचे काही दिवस तो चालत नाही, पण त्या गर्दीत आम्ही तसेही गेलो नसतो. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. मात्र तीन वर्षे पूर्ण झाली की वार्षिक पासात लहान-मोठा असा भेद राहत नाही आणि मुलासाठीही मोठ्या माणसाइतकीच किंमत मोजावी लागते. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना रहिवाशांचा पास मिळत नाही, त्यांच्यासाठी अनेक दिवसांचे तिकीट काढावे. जितके दिवस जास्त तितका दर दिवसाचा खर्च कमी पडतो, परंतु ते दिवस ठरावीक मुदतीतच वापरावे लागतात. चार दिवसांचे तिकीट सात दिवसांत संपवायचे असते, त्यामुळे एक दिवस पार्क आणि एक दिवस विश्रांती असा क्रम जेमतेम बसतो.

पासधारकांना बहुतेक दिवशी आधी आरक्षण करावे लागते, आणि ‘पायरेट’वर एका वेळी चारच आरक्षणे हाताशी ठेवता येतात. यातली उपयोगी सवलत अशी की दुपारी दोननंतर आरक्षणाशिवाय आत जाता येते. याला अपवाद फक्त शनिवार-रविवारच्या मॅजिक किंगडमचा (डिस्नेच्या चार पार्कांपैकी एक) आहे. या एका नियमाने आमचे सगळे वेळापत्रक ठरले. सकाळी पार्क उघडताच आत शिरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश असतो, म्हणजे आपण धावतपळत पोहोचतो तेव्हा पुढे रांग लागलेलीच असते. आम्ही शनिवारी घरी जेवून, धाकट्याची झोप गाडीत उरकून, तीनच्या सुमारास एपकॉट या दुसऱ्या पार्कात पोहोचू लागलो. सकाळी आलेली कुटुंबे तोवर थकून परतीला लागलेली असतात. ॲनिमल किंगडम मात्र सकाळीच करावे. तिथल्या किलिमांजारो सफारीत प्राणी सकाळच्या गारव्यात जास्त हालचाल करतात आणि हे पार्क इतरांपेक्षा लवकर बंदही होते.

मॅजिक किंगडमचा हिशेब वेगळा ठेवावा. इतर तीन पार्कांत गाडी लावली की चालत किंवा ट्रामने फाटकाशी जाता येते. मॅजिक किंगडमसाठी गाडी तळ्याच्या अलीकडे लावून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. गाडीचे दार लावल्यापासून पहिल्या राइडच्या रांगेत उभे राहीपर्यंत तासभर सहज जातो, आणि रात्री आतषबाजी संपली की तीच सगळी गर्दी त्याच बोटींकडे लोटते. लहान मूल बरोबर असेल तर आतषबाजी सुरू होण्याआधी निघावे, नाहीतर ती संपल्यावर पाऊण तास आतच बसून राहावे.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे व्हीलचेअर भाड्याने घेतली. आपल्याकडच्या विमानतळांवर व्हीलचेअर म्हटले की वेगळी वाट मिळते, म्हणून अनेकांची इथेही तशीच समजूत असते. येथील बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल इतक्या रुंद आहेत आणि खुर्चीसकट सगळ्यांबरोबर रांगेतच थांबावे लागते. तरीही ती घ्यावी, कारण या पार्कांत सगळ्यात दमवते ते चालणे.

आजी-आजोबांसाठी राइड निवडताना धक्क्यांपेक्षा बसण्याची सोय, सावली आणि थंड हवा पाहावी. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये प्रेक्षागृहच फिरते आणि आपण गार हवेत बसून राहतो. ‘पीपलमूव्हर’ही छान आहे, मात्र तिथे सरकत्या चढणीवरून जाऊन चालत डब्यात बसावे लागते, त्यामुळे पाय अगदीच साथ देत नसतील तर ती सोडावी. आमच्या घरची सर्वांत आवडती राइड कोणत्याही ‘टॉप टेन’ यादीत सहसा नसते. एपकॉटमधील ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही ती राइड. संथ होडीतून काचघरांत नेतात, तिथे मातीशिवाय वाढवलेली रोपे टांगत्या पट्ट्यावरून फिरतात आणि त्यांच्या उघड्या मुळ्यांवर अन्नद्रव्यांचे पाणी फवारले जाते. आयुष्यभर द्राक्षबाग केलेल्या सासऱ्यांनी होडीची कड पकडून माझ्याकडे वळून विचारले, “अगं, मुळ्यांवर बुरशी येत नसेल का यांच्या?” मी म्हटले, “बाबा, पुढे वेल आहेत, तेही बघा.” पण ते होडी वळेपर्यंत मुळ्यांकडेच पाहत राहिले. त्या राइडला आम्ही नंतर जवळजवळ प्रत्येक खेपेला गेलो. मुलांना साच्यात वाढवलेले मिकीच्या आकाराचे भोपळे शोधायचे असत आणि बाबांना फवाऱ्याची तोटी नीट पाहायची असे.

मुलांच्या उंचीची अट घरीच तपासावी. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ आणि ‘स्लिंकी डॉग डॅश’साठी ३८ इंच, ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’साठी ४०, ‘स्पेस माउंटन’ आणि ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’साठी ४४, तर ‘ट्रॉन’साठी ४८ इंच लागतात. रांगेच्या तोंडाशी मुलाला पट्टीखाली उभे करून परत पाठवले की पुढचा तास रडारडीत जातो. उंचीत न बसणारे मूल बरोबर असेल तर ‘रायडर स्विच’ विनामूल्य मिळते. एक पालक रांगेतून जाऊन येतो, तोवर दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग लांब रांग न लावता जातो. हे आपणहून कोणी सांगत नाही, रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला विचारावे.

रांग टाळण्याचा ‘लाइटनिंग लेन’ वार्षिक पासात येत नाही. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि दर दिवसागणिक बदलतो. वर्षातून एकदाच येणाऱ्यांनी तो मॅजिक किंगडमपुरता जरूर घ्यावा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी घेता येतो. आम्ही पाहुणे आले तेव्हाच घेतला.

जेवणाबाबत भारतीय कुटुंबे उगाच धास्तावतात. पार्कात घरचे खाणे नेता येते. काचेची भांडी आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही, आणि गरम करावे लागेल असे काही नेऊ नये. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी आणि लिंबाचे लोणचे एवढ्यावर आमचा दिवस निघत असे. कोल्ड्रिंक देणाऱ्या खाद्यकेंद्रांवर बर्फाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. एखादे जेवण बाहेर करायचेच असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ला जावे. तिथे नानरोटीचे प्रकार अनेक चटण्यांसह येतात, आणि दिवसाउजेडी गेल्यास खिडकीबाहेर झेब्रे-जिराफ चरताना दिसतात. टेबल बरेच आधी राखून ठेवावे.

जून ते सप्टेंबरमधील दुपारी वीज-पावसाच्या असतात. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, पण पाऊस बहुधा तासाभरात ओसरतो आणि गर्दी निम्म्याने पांगलेली असते. घरूनच स्वस्त रेनकोट न्यावेत. स्ट्रोलर (बाबागाडी) ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब चालत नाही, आणि मुले ओढून न्यायची वॅगन आत सोडतच नाहीत.

आता क्रूझविषयी. पार्कात निघून येण्याची मुभा असते, जहाजावर ती नसते, म्हणून इथे सगळी काळजी चढण्यापूर्वीच घ्यावी लागते. पहिली काळजी कागदपत्रांची. जहाज बहामाला जाते म्हणजे आपण अमेरिकेबाहेर जातो, आणि परतताना पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. आई-वडिलांचा व्हिसा मुदतीतला आणि एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची तारीख आवर्जून पाहावी. शिक्का संपला असेल आणि हातात केवळ आय-७९७ मंजुरीपत्र असेल तर बहामाहून परत येता येत नाही, कारण कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या प्रवासाला मिळणारी सवलत एच व्हिसावाल्यांना बहामासारख्या बेटांसाठी लागू नाही. आमच्या बुकिंग एजंटाने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सुदैवाने शेजारच्या एका घराने आधीच सावध केले होते. अमेरिकेत जन्मलेल्या लहान मुलांना अशा प्रवासात जन्मदाखल्यावरही परत येता येते, तरी पासपोर्ट असलेला बरा, कारण कोणाला बहामाची राजधानी नासाऊ येथून तातडीने विमानाने परतावे लागले तर दाखला पुरणार नाही. पाहुण्यांसाठी काढलेला आरोग्य विमा समुद्रावर चालतो का, हेही लेखी विचारून घ्यावे, कारण जहाजावरील डॉक्टर फुकट नसतो.

बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या खोलीपाशी पोहोचायला दुपार उलटून जाते. औषधे, कागदपत्रे, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एक जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवावा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली विजेची पट्टी जहाजावर चालत नाही. घरी केलेले खाणेही चालत नाही, फक्त कंपनीने सीलबंद केलेली पाकिटे चालतात. त्यामुळे पार्कासाठी उपयोगी पडलेला धपाट्यांचा डबा येथे घरीच राहतो.

शाकाहारी जेवणासाठी पहिल्याच रात्री हेड वेटरशी बोलावे. जहाजांच्या स्वयंपाकघरांत भारतीय माणसे पुष्कळ असतात आणि आदल्या दिवशी सांगितल्यास वरण, भाजी, पोळी करून देतात. आमच्या टेबलाचा वेटर मडगावचा होता. सासूबाईंनी त्याची घरची सगळी चौकशी केली, आणि दुसऱ्या रात्रीपासून आमच्या टेबलावर न मागता हिरव्या मिरच्या येऊ लागल्या.

लहान मुलांच्या आईबापांनी एक नियम आधी समजून घ्यावा. डायपर वापरणाऱ्या मुलांना जहाजावरील नेहमीच्या तलावात उतरू देत नाहीत, त्यावरून पोहण्याचा डायपर घातलेला असला तरीही. त्यांच्यासाठी वेगळी फवाऱ्यांची जागा असेल तरच जहाज निवडावे. मुलांच्या क्लबातही साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेली आणि डायपर सुटलेली मुलेच घेतात. आमचा धाकटा दोन्हींत बसत नव्हता, त्यामुळे थोरली क्लबात रमली आणि आम्ही पाळीपाळीने त्याच्यामागे डेकवर फिरलो. हीच क्रूझ वर्षभर पुढे ढकलली असती तर जास्त सुखाची झाली असती.

बोट लागण्याची भीती असल्यास मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, तिथे हेलकावा कमी जाणवतो. आलेपाक आणि डॉक्टरने दिलेली गोळी जवळ ठेवावी. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. त्या काळात दर उतरतात, पण कंपनी मार्ग बदलू शकते, आणि नासाऊऐवजी भलतेच बंदर आले तरी बहुधा पैसे परत मिळत नाहीत. फोन चढतानाच एअरप्लेन मोडवर टाकावा, अन्यथा जहाजावरील मोबाइल नेटवर्कचे बिल तिकिटाशी स्पर्धा करते. दरडोई दररोज आकारली जाणारी टिपही अंदाजपत्रकात आधीच धरावी, कारण सहा जणांची मिळून ती चांगलीच मोठी होते.

धाकट्याला लवकरच तीन वर्षे पूर्ण होतील आणि मग त्याचाही पूर्ण किमतीचा पास लागेल. सासू-सासरेही आता परत गेले आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात पास संपू द्यायचा आणि ऑक्टोबरात हवा पालटली की चौघांसाठी ‘पायरेट’ नव्याने घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. मधल्या काळात पासांची विक्री थांबवली जाण्याची शक्यता असते, पूर्वी तसे झालेही आहे, आणि तेवढी जोखीम पत्करायची आमची तयारी आहे.