ग्रंथसूची वेबवर, सभासद कपाटात: ॲक्सेस आणि डेटासेटच्या जोडीचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा सगळा कारभार मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एका फाइलवर चालतो. दाखल नोंदवही, सभासद, वर्गणी, अनामत, रोजची देवघेव, सगळं तिच्यातच. वाचकांची मागणी साधी होती: हवं ते पुस्तक आपल्याकडे आहे का आणि आत्ता कपाटात आहे का, हे घरबसल्या मोबाइलवर कळावं. गेल्या दिवाळीच्या सुमारास ही सोय सुरू केली. त्यासाठी वापरलं डेटासेट नावाचं सॉफ्टवेअर. सायमन विलिसन यांनी 2017 साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि एसक्यूलाइटची (सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणारी पद्धत) फाइल वेबवर दाखवण्यासाठीच बनवलेलं आहे. इतके महिने वापरल्यावर माझं मत ठाम झालंय: कामाची फाइल वेबवर न्यायचीच नाही. लोकांना दाखवायचं तेवढंच घेऊन दुसरी फाइल घडवायची आणि तीच प्रसिद्ध करायची.

आधी इतर वाटा पाहिल्या. ॲक्सेसची स्वतःची वेबची सोय दोनदा आली आणि दोनदा गेली. 2000 च्या आवृत्तीतली डेटा ॲक्सेस पेजेस पुढे काढून टाकली गेली. नंतर शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्याच वेब-मंचावरची वेब ॲप्स आली, तीही ऑनलाइन सेवेत 2018 च्या एप्रिलमध्ये बंद झाली. कार्यालयातल्या संगणकाचं रिमोट डेस्कटॉप (दुरून त्याचा पडदा वापरण्याची सोय) बाहेरच्यांसाठी उघडावं असं कोणी सुचवलं, तर साफ नाही म्हणा. 3389 हा त्या सोयीचा पोर्ट, म्हणजे संगणकात शिरण्याचं दार, इंटरनेटवर उघडा दिसला की पासवर्ड ओळखून पाहणारे प्रोग्रॅम अखंड त्याच्या मागे लागतात. ॲक्सेसच्या फाइललाही स्वतःचं फारसं संरक्षण नसतं. 2007 च्या नव्या फॉरमॅटपासून प्रत्येक वापरकर्त्याला वेगळे अधिकार देण्याची व्यवस्थाच उरलेली नाही, फक्त पूर्ण फाइलला एक पासवर्ड लावता येतो. तो ज्याला माहीत, त्याला सगळ्या सभासदांचे फोन नंबर उघडे.

कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर का नाही, हा प्रश्न ग्रंथालयातली माणसं हमखास विचारतात. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन 2000 मध्ये वापरात आलेलं कोहा उत्तम आहे. ग्रंथसूचीपासून देवघेवीपर्यंत सगळं त्यात आहे. पण त्यासाठी सगळ्या नोंदी मार्क या ग्रंथसूचीच्या ठरावीक पद्धतीत आणायच्या आणि कायम चालणारा सर्व्हर सांभाळायचा. आमच्या ग्रंथपालबाईंचा हात ॲक्सेसच्या पडद्यावर बसलेला आहे, तो मोडण्याचं कारण मला दिसलं नाही.

आता खरं काम. प्रसिद्ध करायच्या प्रतीत काय जाईल हे ठरवताना ‘काय लपवायचं’ अशी यादी करू नका, ‘काय दाखवायचं’ अशी करा. आमच्या पुस्तकांच्या तक्त्यात ‘शेरा’ नावाचा रकाना आहे. वरवर निरुपद्रवी. उघडून वाचलं तर आत देणगीदारांचे फोन नंबर, कोणी पुस्तक हरवलं, कोणाकडून भरपाई यायची आहे, असं बरंच काही. म्हणून सहाच रकाने घेतले: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, साहित्यप्रकार आणि ‘उपलब्ध की बाहेर’. पुस्तक कधी नेलं ती तारीखसुद्धा घेतली नाही. लहान गावात तारीख आणि पुस्तकाचं नाव एवढ्यावरून ते कोणी नेलं हे सहज ओळखतात, आणि कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 मध्ये झाला. तो झाला नसता तरी मी हेच केलं असतं.

यात एक खोच आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळा डेटा एसक्यूलाइटमध्ये आणून नंतर सभासदांचा तक्ता काढून टाकला, तर तक्ता दिसेनासा होतो, पण त्यातला मजकूर फाइलच्या रिकाम्या पानांत पडून राहू शकतो. व्हॅक्यूम हा आदेश देऊन फाइल नव्याने लिहीपर्यंत तो तिथेच. त्यात डेटासेट फाइल ‘न बदलणारी’ म्हणून उघडत असेल, तर ती पूर्ण फाइल उतरवून घेण्याचा दुवाही वाचकाला आपोआप मिळतो. म्हणजे पुसलेले फोन नंबर कोणीही घरी नेऊन उकरू शकतो. तक्ता ‘लपलेला’ अशी खूण केल्यानेही भागत नाही, त्याने तो फक्त यादीत दिसत नाही. आमची फाइल रोज रात्री कोऱ्यापासून बनते. सभासदांचा तक्ता तिच्यात कधी शिरतच नाही, त्यामुळे उतरवण्याचा दुवा मी निर्धास्तपणे चालू ठेवलाय.

ती फाइल कार्यालयातला संगणक स्वतः बाहेरच्या छोट्या सर्व्हरवर पाठवतो, एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या डिजिटल किल्लीने. बाहेरून आत येण्याची वाटच नाही. उद्या सर्व्हर कोणी फोडला, तरी त्याच्या हाती पुस्तकांची यादी लागेल, जी आधीच सर्वांसाठी खुली आहे. डेटासेट त्या सर्व्हरवर आतल्या पत्त्यावरच चालतं, बाहेरून थेट गाठता येत नाही. त्याच्या पुढे कॅडी हा वेब सर्व्हर आहे. तो एचटीटीपीएसचं (सुरक्षित वेब जोडणीचं) प्रमाणपत्र आपणहून मिळवतो आणि मुदत संपण्याआधी नवं करतो. डेटासेट फाइल फक्त वाचतं, तिच्यात लिहीत नाही. डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाला मुळातच एका सेकंदाची मर्यादा आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त हजार ओळी मिळतात. कोणालाही स्वतःचं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) लिहून चालवण्याची मुभा मात्र सुरुवातीला चालू असते. ती मी बंद केली, आमच्या वाचकांना तिचा उपयोग नाही. पानं आपोआप वाचत फिरणाऱ्या शोधयंत्रांच्या बॉट्सनाही रोखलं. लेखक, प्रकाशक, साहित्यप्रकार अशा गाळण्यांमुळे दुव्यांच्या इतक्या जोड्या तयार होतात की ते त्यातच फिरत बसतात आणि सर्व्हरला दमवतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मराठीने. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या, त्या आधी बदलून घेतल्या. ॲक्सेसमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्तावजा फाइल) काढताना प्रगत पर्यायांत जाऊन यूटीएफ-8 ही युनिकोडची पद्धत निवडावी लागते, नाहीतर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडते. त्यानंतर शोध. एसक्यूलाइटचं शब्दशोधाचं यंत्र मुळात फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. त्यामुळे ‘माती’ शोधलं की ‘मोती’ही येतं, कारण यंत्राला दोन्हीकडे नुसते ‘म’ आणि ‘त’ दिसतात. उपाय आहे: शब्दसूची बनवताना मात्रांचे युनिकोड वर्ग, म्हणजे एमएन आणि एमसी, शब्दाचा भाग म्हणून जोडायचे. ही एक ओळ लिहिली आणि शोध एकदम विश्वासाचा झाला. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो, तोही रूपांतराच्या वेळीच एकसारखा करून घ्या. अकारविल्हे क्रमासाठी वेगळा रकाना हवाच, कारण युनिकोडच्या नुसत्या सांकेतिक क्रमाने ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘ॲ’ने सुरू होणारी शीर्षकं ‘ह’च्याही पुढे जाऊन बसतात.

उणिवा सांगायच्या तर पडद्यावरची बटणं इंग्रजीत आहेत. मुख्य पानांचे साचे बदलून मी ती मराठीत आणली, पण एचटीएमएलची भीती असलेल्याला ते जड जाईल. माहिती आदल्या रात्रीपर्यंतचीच असते. सकाळी परत आलेलं पुस्तक रात्रीपर्यंत ‘बाहेर’च दिसतं, तसं पानावर ठळक लिहून ठेवलंय.

वाचकांनी वेबवरून काही भरायचं असेल, म्हणजे पुस्तक राखून ठेवणं किंवा वर्गणी, तर ही जोडी त्या कामाची नाही. तिथे तक्ते पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेस सर्व्हरवर हलवा, ॲक्सेस ओडीबीसीने (डेटाबेस जोडण्याची प्रमाण पद्धत) जोडून फक्त नोंदी भरायला ठेवा, कार्यालय आणि सर्व्हर यांच्यामध्ये व्हीपीएन, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणी, घाला आणि वेबवरून येणारं प्रत्येक मूल्य आदेशाच्या मजकुरात न मिसळता पॅरामीटर म्हणूनच डेटाबेसला द्या. त्याला महिनोन्‌महिने लक्ष देणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून राखून ठेवण्याची विनंती अजून फोनवरच घेतो. वाचक दाखल क्रमांक सांगतात, ग्रंथपालबाई पुस्तक काढून ठेवतात.