‘सेकंड चान्स’ लोकेटर : फौजदारी नोंद असलेल्यांना भाड्याचे घर मिळवून देणारी सेवा कितपत उपयोगी?

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मोठ्या शहरांत भाड्याचे घर शोधून देणाऱ्या दलालांना ‘अपार्टमेंट लोकेटर’ म्हणतात. त्यांच्यापैकी काही जण स्वतःला ‘सेकंड चान्स’ लोकेटर म्हणवून घेतात आणि ज्यांच्या नावावर जुनी शिक्षा, घर रिकामे करण्याचा न्यायालयीन आदेश किंवा थकलेले कर्ज आहे, अशांनाही घर मिळवून देण्याची हमी देतात. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या नावावर अमली पदार्थ बाळगल्याबद्दलची एक जुनी शिक्षा होती. त्यांच्यासाठी घर शोधताना अशा एका सेवेचे काम मला पहिल्या दूरध्वनीपासून भाडेकरारावर सही होईपर्यंत जवळून पाहता आले. माझे मत आधीच सांगतो. नोंद चालवून घेणाऱ्या इमारतींची जी यादी जाहिरातीत ठळक अक्षरांत मिरवली जाते, तिचा आम्हाला जवळजवळ उपयोग झाला नाही. उलट, अर्ज भरण्यापूर्वी अर्जदाराची नोंद बारकाईने वाचून देण्याचे जे काम जाहिरातीत कुठेच नव्हते, तेवढ्यासाठीसुद्धा ही सेवा घेण्यासारखी आहे.

मुळात अशी सेवा लागते का, हे मोठ्या गृहसंकुलांतील अर्जाची पद्धत पाहिल्यावर कळते. अर्जदार अर्ज भरतो, परत न मिळणारे शुल्क भरतो, आणि त्याचे नाव, जन्मतारीख व सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीकडे जातात. ती कंपनी न्यायालयांच्या नोंदी चाळून अहवाल देते, आणि अनेकदा संकुलाच्या कार्यालयात पूर्ण अहवालाऐवजी केवळ ‘मंजूर’, ‘अटींसह मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढाच निकाल पोहोचतो. कनेक्टिकटमध्ये २०१८ साली दाखल झालेल्या एका खटल्यात हीच पद्धत न्यायालयासमोर आली. एका आईला आपल्या अपंग मुलाला स्वतःच्या घरी राहायला आणायचे होते. पण तपासणी करणाऱ्या संगणकप्रणालीने ‘अपात्र ठरवणारी नोंद आढळली’ एवढेच कळवले. ती नोंद दुकानातील किरकोळ चोरीच्या आरोपाची होती, आणि तो आरोपही पुढे मागे घेण्यात आला होता. समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला नकाराचे कारणच ठाऊक नसेल, तर अर्जदार त्याच्याशी बोलणार तरी काय? तो पुढच्या संकुलात जातो, पुन्हा शुल्क भरतो आणि पुन्हा तोच निकाल घेऊन परततो. घर मिळण्याआधीच अनामत रकमेसाठी बाजूला ठेवलेले पैसे अशा अर्जांमध्ये संपतात.

ही गळती थांबवण्याचे काम या सेवेने चांगले केले. पहिल्याच बैठकीत लोकेटर बाईंनी घराची पसंती किंवा भाड्याची मर्यादा विचारण्याआधी न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रत मागितली. आमच्याजवळ ती नव्हती. त्यांनी ती कोणत्या कार्यालयातून मिळेल ते सांगितले आणि ती हाती येईपर्यंत एकही अर्ज भरू नये, असे बजावले. प्रत आल्यावर त्यांनी आरोपाची तारीख, दोषी ठरवल्याची तारीख, शिक्षा संपल्याची तारीख आणि गुन्ह्याचा वर्ग या चार गोष्टी वेगळ्या काढल्या. आमच्या गृहस्थांना स्वतःलाच आपला गुन्हा फेलनी या गंभीर वर्गातला होता की मिसडिमिनर या सौम्य वर्गातला, हे नीट सांगता येत नव्हते. शिक्षा भोगून झालेल्या माणसाने ते कागद पुन्हा उघडून पाहिलेले नसतात, यात नवल नाही.

या तारखांना एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बऱ्याच संकुलांच्या निकषांत ‘मागील सात वर्षांत फेलनी नसावी’ अशा प्रकारची अट असते. समजा, एखाद्याला २०१४ साली दोषी ठरवले आणि त्याचे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली काढायची शिक्षा, २०१९ साली संपले. एक संकुल सात वर्षे दोषी ठरवल्याच्या दिवसापासून मोजत असेल, तर तो माणूस २०२१ सालीच पात्र झाला. शेजारचे संकुल तीच वर्षे शिक्षा संपल्यापासून मोजत असेल, तर त्याला २०२६ सालापर्यंत थांबावे लागेल. अट वरकरणी एकच असली, तरी पाच वर्षांचा फरक पडतो, आणि अर्ज करण्यापूर्वी हा प्रश्न विचारायला सहसा कोणाला सुचत नाही. टेक्सासमध्ये आणखी एक गुंता आहे. ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ या तरतुदीखाली न्यायालय आरोपीला दोषी न ठरवता देखरेखीखाली ठेवते, आणि त्याने अटी पाळल्यास खटला बंद होतो. अशी माणसे अर्जातील ‘तुम्हाला कधी दोषी ठरवले गेले आहे का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. मात्र ती नोंद अहवालात दिसू शकते आणि अनेक संकुले तिला शिक्षेइतकेच वजन देतात; त्यात उत्तर खोटे दिल्याचा ठपका वेगळाच बसतो. बाईंनी अशा प्रसंगी अर्जात नेमके काय लिहावे, हेही समजावून सांगितले.

टेक्सासच्या मालमत्ता संहितेतील कलम ९२.३५१५ त्यांच्या तोंडी होते, हे मला विशेष आवडले. या कलमानुसार घरमालकाने अर्ज देतानाच भाडेकरू निवडण्याचे निकष छापील स्वरूपात उपलब्ध करून द्यायचे असतात. त्यात फौजदारी पूर्वेतिहास, आधीच्या भाड्याच्या घरांचा अनुभव, उत्पन्न आणि पत यांचा समावेश होतो. निकष न देता अर्ज नाकारला, तर शुल्क आणि अर्जासोबत घेतलेली अनामत परत करावी लागते; वाईट हेतूने ती अडवून ठेवल्यास १०० डॉलर, अडवलेल्या रकमेच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाचा वाजवी खर्च देण्याची जबाबदारी येते. निकषांचा हा कागद कोणालाही मागता येतो आणि त्यासाठी दलालाची गरज नाही. तरीही आम्हाला तो मागायला या सेवेनेच शिकवले, हे मान्य करावे लागेल. कागद हाती पडल्यावर निम्म्याहून अधिक संकुले एक पैसाही खर्च न करता बाजूला काढता आली.

आता यादीविषयी. ती जुनी होती. तिच्यातील काही संकुलांची व्यवस्थापन कंपनी बदलली होती, आणि कंपनी बदलली की निकषही बदलतात. काही ठिकाणी ‘आम्ही सर्वांचे स्वागत करतो’ असे दूरध्वनीवर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला निर्णयाचा कोणताच अधिकार नव्हता. असल्या याद्या इंटरनेटवर पैसे घेऊन विकणारे लोकही आहेत. त्यांना एक छदामही देऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

यादीतील दोषापेक्षा मोठा दोष या व्यवसायाच्या रचनेतच आहे. लोकेटर भाडेकरूकडून सहसा पैसे घेत नाही. त्याची दलाली संकुलाकडून येते. यात भाडेकरूचा फायदा आहे खरा, पण त्यामुळे दलाली न देणारे घर लोकेटर सहसा दाखवत नाही. चार खोल्यांची जुनी इमारत चालवणारे आजोबा किंवा घरामागची खोली भाड्याने देणाऱ्या बाई दलाली देत नाहीत, म्हणून ती घरे या शोधात येतच नाहीत. आणि फौजदारी नोंद असलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेऊन निर्णय घेण्याची शक्यता अशाच ठिकाणी अधिक असते, कारण तेथे मालक स्वतः समोर बसतो आणि संगणकाचा निकाल त्याला बांधून ठेवत नाही. ‘अशा माणसाला घर दिले आणि काही घडले तर माझ्यावर दावा लागेल’ ही भीती छोट्या मालकांना असते. टेक्सासने त्याबाबतीत २०१६ पासून कायदेशीर संरक्षण दिले आहे : भाडेकरूला पूर्वी शिक्षा झाली होती, केवळ या कारणावरून घरमालकाविरुद्ध दावा उभा राहत नाही. काही गंभीर गुन्हे मात्र या संरक्षणाच्या बाहेर आहेत. ही तरतूद छोट्या मालकाला दाखवली तर बोलणे पुढे सरकू शकते. आमच्या लोकेटर बाईंना ती माहीत होती, पण तिचा वापर करण्यात त्यांना रस नव्हता. तो का नव्हता, ते वर आलेच आहे.

हाच प्रकार सरकारी मदतीच्या घरांबाबत झाला. फौजदारी नोंद असली की सार्वजनिक गृहयोजनेचे दार बंदच, असा सर्वत्र समज आहे आणि या सेवेनेही तो खोडून काढला नाही. प्रत्यक्षात केंद्रीय नियमांत कायमची बंदी दोनच प्रकारांत आहे : लैंगिक गुन्हेगार म्हणून जन्मभर नोंदणी सक्तीची असणे, आणि सरकारी साहाय्याच्या घरात मेथॲम्फेटामीन तयार केल्याबद्दल दोषी ठरणे. बाकी बहुतेक बाबतींत स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाला निर्णयाची मोकळीक असते. प्रतीक्षा लांब असते हे खरे, पण अर्ज करून ठेवायला काय हरकत आहे, एवढे तरी सांगायला हवे होते.

अहवालातील चुकांच्या बाबतीत सेवेचे काम समाधानकारक, पण अपुरे होते. १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ या अशा अहवालांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार अहवालाच्या आधारे नकार दिला, तर तसे कळवावे लागते, अहवाल देणाऱ्या कंपनीचे नाव सांगावे लागते आणि अर्जदाराला ६० दिवसांच्या आत अहवालाची प्रत विनामूल्य मागता येते. चूक दाखवून दिल्यास कंपनीने साधारणपणे ३० दिवसांत तपास करायचा असतो. शिक्षेत रूपांतर न झालेली, सात वर्षांहून जुनी अटक सर्वसाधारणपणे अहवालात घेता येत नाही. शिक्षेला मात्र अशी कालमर्यादा नाही. चुका किती ढोबळ असू शकतात, हे फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या कारवायांवरून दिसते. २०१८ मध्ये रिअलपेज या भाडेकरू-तपासणी करणाऱ्या कंपनीने ३० लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले; आडनाव जुळले आणि नाव किंवा जन्मतारीख साधारण जवळ आली, तरी दुसऱ्याच कोणाची नोंद अर्जदाराच्या माथी मारली जात होती, असा आरोप होता. २०२० मध्ये ॲपफोलिओ या तशाच कंपनीने ४२.५ लाख डॉलर दिले, आणि २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-तपासणी शाखेशी संबंधित प्रकरण १.५ कोटी डॉलरवर मिटले. आमच्या गृहस्थांच्या अहवालात न्यायालयाने रद्द केलेला एक आरोप निकालाविनाच, म्हणजे जणू तो अजून प्रलंबित असावा असा, दिसत होता. बाईंनी तो लगेच हेरला, तक्रार कशी करायची ते सांगितले, आणि असा आरोप अटी पूर्ण होत असल्यास न्यायालयाकडून पुसूनही घेता येतो, हे सुचवून वकिलाकडे पाठवले. मात्र तक्रारीचा पाठपुरावा आम्हालाच करावा लागला.

अर्जासोबत जोडायच्या खुलासापत्राचा त्यांचा ठरावीक मसुदा मला अजिबात पटला नाही. त्यात पश्चात्तापाची वाक्ये भरपूर होती आणि माहिती नावापुरती. घरमालकाला भाडे वेळेवर मिळेल का आणि शेजाऱ्यांना त्रास होईल का, एवढेच जाणून घ्यायचे असते. म्हणून आम्ही पत्र नव्याने लिहिले : गुन्हा कोणता, कधीचा, शिक्षा कधी संपली, त्यानंतर नोकरी किती वर्षे एका ठिकाणी टिकली, आधीच्या ठिकाणी भाडे कसे भरले. नोकरीच्या मालकाचे आणि आधीच्या घरमालकाचे पत्र जोडले, आणि सगळे मिळून एका पानात बसवले.

ज्यांची शिक्षा अगदी अलीकडची आहे, ज्यांचा गुन्हा हिंसेचा आहे किंवा ज्यांचे नाव लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदवहीत आहे, त्यांना ही सेवा पहिल्याच दूरध्वनीवर नकार देते. जाहिरातीत ‘कोणतीही नोंद चालेल’ असे लिहून नंतर असे सांगणे योग्य नाही. निदान शुल्क उकळून मग नकार देण्यापेक्षा ते बरे, इतकेच म्हणता येईल.

आमच्या गृहस्थांना अखेर एका मध्यम आकाराच्या संकुलात ‘अटींसह मंजूर’ या शेऱ्यावर घर मिळाले. अनामत रक्कम जास्त द्यावी लागली. ते संकुल यादीत नव्हते. निकषांचा कागद वाचून आणि वर्षे कोणत्या तारखेपासून मोजता, हे लेखी विचारून ते सापडले होते. सेवेला मी पाचापैकी तीन गुण देईन. ती घ्यायची असल्यास लोकेटरकडे टेक्सास रिअल इस्टेट कमिशनचा परवाना आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर आधी पाहावे, कारण या राज्यात हे काम करायला परवाना सक्तीचा आहे. आपल्याकडून आगाऊ पैसे मागणाऱ्या लोकेटरला टाळावे. आणि लोकेटर मोठी संकुले पाहत असताना दलाली न देणाऱ्या छोट्या घरमालकांकडे आपण स्वतः विचारणा चालू ठेवावी, कारण तिकडे तो जाणार नाही.